आधी वाचा, मग वाजवा : मायापटांच्या जुन्या तबकड्या हाती आल्यावर

भोर-वेल्ह्याकडे जुने घर उतरवायला घेतले की माळा रिकामा करावाच लागतो. तांब्या-पितळेची भांडी वाटणीत जातात, पोथ्या देवघरात परततात, सागाची तुळई गिऱ्हाईक लागेपर्यंत अंगणात पडून राहते. त्या पसाऱ्यात एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत काळ्या, जड, दहा इंची तबकड्या निघाल्या, तर घरात दोनच प्रश्न विचारले जातात: यांचे किती येतील, आणि या वाजतात का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही तबकडी नेमकी कशाची? त्याचे उत्तर कागदावर उतरेपर्यंत ती विकू नये, धुऊ नये आणि वाजवूही नये. तबकडीचे मोल तिच्या वयात नसते. ती कशाची साक्ष देते आणि ती साक्ष पडताळता येते का, यावर ते ठरते. हा क्रम कोणत्याही जुन्या तबकडीला लागू असला, तरी बोलपटांच्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या अद्भुतरम्य चित्रपटांच्या, म्हणजे मायापटांच्या बाबतीत तो चुकला तर होणारे नुकसान भरून निघत नाही. म्हणून इथे त्याच तबकड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

मराठीत या जातीचे ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा १९३२ सालचा ‘माया मच्छिंद्र’. कोल्हापुरात तयार झालेला हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे, स्त्रीराज्याची राणी दुर्गा खोटे आणि गोरखनाथ मास्टर विनायक. संगीतही टेंब्यांचेच. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात आणि शिष्य गोरखनाथ त्यांना सोडवून आणतो, ही कथा आपल्याकडे नवनाथांच्या पोथीमुळे घराघरात ठाऊक आहे. त्या कथेत गोरखनाथ मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालतो, म्हणजे कथेची कळच मुळी वाद्यात आहे. अशा कथेच्या चित्रपटात संगीताला केवळ मधल्या विरंगुळ्याची जागा नसते. कॅमेऱ्याच्या करामतीने पडद्यावर जे अचाट घडते, ते प्रेक्षकाला खरे वाटायला लावण्याचे निम्मे काम आवाज करतो. पुढे १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली आणि १९३४ मध्ये तिथे ‘अमृतमंथन’ तयार झाला. संगीत केशवराव भोळ्यांचे, गाणी लोकप्रिय झाली ती मुख्यतः शांता आपट्यांच्या गळ्यातून. हाही चित्रपट दोन भाषांत होता आणि त्यातला राजगुरू हिंदीत चंद्रमोहन, तर मराठीत केशवराव दाते. ज्या स्टुडिओत तो घडला, तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भोरहून ती जागा जेमतेम पन्नास किलोमीटरवर. भोर तेव्हा संस्थानी राजधानीचे गाव होते, आणि वेल्ह्याच्या मावळातली माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबई गाठत होती. फोनो आणि तबकड्या या दोन्ही वाटांनी डोंगरात पोचू शकत होत्या. तेव्हा आपल्या आडबाजूला असे काय सापडणार, हा समज आधी सोडून द्यावा.

आता मुख्य मुद्दा. त्या काळातली चित्रपटाची तबकडी म्हणजे चित्रपटातल्या गाण्याची नक्कल नव्हे, ते त्याच गाण्याचे दुसरे, स्वतंत्र सादरीकरण असते. याचे कारण तंत्रात आहे. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने रूढ केली. त्याआधी नट-नट्या कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात, साजिंदे चौकटीबाहेर दडून साथ करत आणि गाणे व चित्रण एकाच वेळी होई. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. मायक्रोफोन दिसू नये, गाणाऱ्याने मान फार वळवू नये, साथीने आवाज झाकू नये, अशा सगळ्या अडचणींतून ते गाणे फिल्मवर उतरे. तबकडीसाठी मात्र गायकाला ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणाला वेगळे बसावे लागे. तिथे कॅमेऱ्याचा जाच नव्हता, पण दुसरी सक्ती होती: दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. पडद्यावर संवादांनी तुटत जाणारे पद इथे सलग होई, लांब पदातली कडवी गळत, आलाप आखडे, साथीची वाद्ये बदलत. गाणारा कलावंतही कधी वेगळा असे. टेंबे आणि भोळे हे दोघेही मैफलीच्या आणि रंगभूमीच्या मुशीतून आलेले, विस्ताराने गाणे मांडायची सवय असलेले संगीतकार. तीन मिनिटांच्या चौकटीत त्यांच्या चालीचे काय ठेवले गेले आणि काय सोडले गेले, हे तबकडीवरूनच कळते. चित्रपट शंभर वेळा पाहिला तरी ते कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जुनी गाणी आता मोबाइलवर फुकट ऐकायला मिळतात, मग या काळ्या थाळ्या सांभाळायच्या कशाला? या आक्षेपाला आपल्याच चित्रपटांचा इतिहास उत्तर देतो. १४ मार्च १९३१ रोजी झळकलेला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आज उपलब्ध नाही, आणि त्याच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. परिणाम असा, की ज्या गाण्यांपासून हिंदी चित्रपटसंगीत सुरू झाले, ती मूळ आवाजात ऐकायची सोयच उरली नाही. दुसरा दाखला पुण्यातला. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या कोठारांना आग लागली आणि नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचीही मूळ रिळे होती. नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही आणि आपोआप कुजत जाणारी, लाखेची तबकडी मात्र न फुटल्यास शंभर वर्षे सहज टिकते. एकाच कलाकृतीची साक्ष दोन वेगळ्या पदार्थांत जपली गेली असेल, तर एक नष्ट झाल्यावर दुसरी उपयोगी पडते. राहिली मोबाइलवरची गाणी. ती कोणाच्या तरी तबकडीवरून किंवा फिल्मवरूनच घेतलेली असतात, पण बहुधा कुठून घेतली ते सांगितलेले नसते. तबकडीचा क्रमांक नसतो, गायिकेचे नाव अंदाजाने घातलेले असते, खरखर काढताना तंबोऱ्याचा झंकारही धुऊन निघालेला असतो. ऐकायला ती ठीक आहेत. पुरावा म्हणून उभी राहत नाहीत.

म्हणून हातातली तबकडी आधी वाचायची. दिवसाउजेडी, टेबलावर धुतलेले सुती कापड पसरून, तबकडी कडेने आणि मधल्या लेबलाने धरावी, खोबणींना बोट लागू देऊ नये. लेबलावर वरच्या बाजूला कंपनीचे चिन्ह असते, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण तेवढ्यावर ‘एचएमव्ही’ म्हणून थांबू नये, कारण त्या काळात कोलंबिया, ओडियन, हिंदुस्थान, मेगाफोन, मुंबईची यंग इंडिया अशा कितीतरी कंपन्या होत्या. लेबलावरच भाषा, गाण्याचे पहिले शब्द, गायकाचे नाव आणि चित्रपटाची असल्यास चित्रपटाचे नाव छापलेले असते. आणि मग क्रमांक. इथे दोन क्रमांकांतला फरक समजून घ्यायला हवा. लेबलावर छापलेला मोठा क्रमांक त्या तबकडीचा, म्हणजे विक्रीच्या मालाचा असतो आणि तो दोन्ही बाजूंना एकच असतो. दुसरा क्रमांक शेवटची खोबण आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत काळ्या पट्टीत उठवलेला असतो. तबकडी खिडकीकडे तिरपी धरून सावकाश फिरवली की उजेड एका क्षणी त्या अक्षरांवर पडतो आणि ती वाचता येतात. हा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, तो प्रत्येक बाजूला वेगळा. कंपनीने तेच गाणे काही वर्षांनी नव्या लेबलाने, नव्या विक्री-क्रमांकाने बाजारात आणले असेल, तरी हा आतला क्रमांक सहसा बदलत नाही. दोन घरांतल्या दोन तबकड्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या आहेत की एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या आवृत्त्या, हे या बारीक अक्षरांवरून ठरते. ती मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपावीत आणि वहीत हाताने लिहूनही ठेवावीत. कारण फोटोत आकडा अस्पष्ट आला, तर दहा वर्षांनी पुन्हा तबकडी हाताशी असेलच असे नाही.

वाचण्यात घाई झाली की चुका होतात, आणि मायापटांच्या बाबतीत त्या नेमक्या एका जागी होतात. लेबलावर मच्छिंद्र, गोरख, हरिश्चंद्र किंवा कृष्ण दिसले, की चित्रपटाची तबकडी मिळाली असे आपण धरून चालतो. पण हे विषय चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून नाटकांत, कीर्तनांत आणि भजनांत होते, आणि त्यांच्या तबकड्या भरपूर निघत होत्या. संपूर्ण नाटक संक्षेपाने ध्वनिमुद्रित केलेले संचही निघत. गोविंदराव टेंब्यांचे नाव आहे म्हणजे प्रभातचा चित्रपट, हा तर्कही टिकत नाही. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच, आणि ते नाटक १९११ सालचे. तबकडीच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारत असेल, तर ती बहुतेक बोलपटांच्या आधीची समजावी. तो रिवाज १९०२ मध्ये गौहर जानच्या कलकत्त्यातल्या ध्वनिमुद्रणांपासून आपल्याकडे प्रसिद्ध आहे. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापून येत आणि तिथल्या कामगारांना गायकाची ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू. कलकत्त्यातला कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि पुढे ही गरज सरली. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे गाजलेले चित्रपटगीत दुसऱ्याच कोणीतरी गाऊन काढलेली तबकडी. तिच्यावरही चित्रपटाचे नाव असू शकते. वाकवली तर थोडी लवचिक वाटणारी, हलकी तबकडी ही पुढच्या काळातली प्लॅस्टिकची एलपी किंवा ईपी असते. मूळ तबकडी लाखेची, जाड आणि ठिसूळ असते. (वाकवून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नये, वजन आणि जाडी पुरेसे सांगते.)

ओळख पक्की करायला साधने आहेत. हिंदी आवृत्तीची गाणी असतील, तर हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या ग्रंथमालेचा १९३१ ते १९४० या दशकाचा खंड पाहावा. त्यात चित्रपटवार गाणी आणि मिळाले तिथे तबकड्यांचे क्रमांकही दिलेले आहेत. मुंबईतली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९० पासून काम करते, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात जुन्या कंपन्यांविषयी, कलावंतांविषयी आणि याद्यांविषयी भरपूर लेखन झाले आहे. केशवराव भोळ्यांचे ‘माझे संगीत’ आणि दुर्गा खोट्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ ही पुस्तके पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत मिळण्यासारखी आहेत. या सगळ्यांइतकेच महत्त्व त्याच ट्रंकेतल्या पातळ कागदी पुस्तिकेला द्यावे. चित्रपटगृहात पदांच्या पुस्तिका विकत मिळत. त्यांत कथासार, पात्रे आणि पदे छापलेली असत. तबकडीवर गाणे उरते, पण ते कोणत्या प्रसंगी, कोणत्या पात्राच्या तोंडी होते, हे पुस्तिका सांगते. मायापटात तर प्रसंगावाचून गाण्याचा अर्थच अर्धवट राहतो. आवराआवरीत ही पुस्तिका रद्दीत जाते आणि तबकड्या तेवढ्या बाजूला काढल्या जातात, ते कृपया होऊ देऊ नका. तसेच तबकडीचे मूळ खाकी पाकीट. त्यावर विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, गाव, पेठ, कधी मालकाची सही असते. भोरच्या घरातली तबकडी पुण्यातून आली, मुंबईतून आली, की साताऱ्याकडून, हे त्या शिक्क्यावरून कळेल, आणि त्यातून आपल्या भागात बोलपटांचे संगीत कोणत्या वाटेने पोचले याचा माग निघेल. पाकीट फाटले असेल तर तबकडी नव्या पाकिटात घालावी, पण जुने टाकू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फोनो कोणाचा होता, कधी आणला, हे दोन ओळींत का होईना त्याच वहीत लिहावे. ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

जपणुकीचे नियम सगळीकडे तेच असले तरी आपल्या भागातला पाऊस त्यांना वेगळे वळण देतो. भोर तालुक्याच्या पूर्वेला, किकवी-सारोळ्याकडे, हवा बरीच कोरडी. पश्चिमेला वरंध घाटाच्या वाटेवर हिर्डोशीकडे, किंवा वेल्ह्यात (आता राजगड तालुक्यात) केळदच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. लाख स्वतः ओलीला सहसा दाद देत नाही, पण तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी, काजळी आणि इतर भरही मिसळलेली असते. लेबल आणि पाकीट तर कागदाचेच. बुरशी खोबणीत बसली की तिचे डाग आवाजात कायमचे उमटतात. म्हणून तबकड्या तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत आणि जमिनीवर ठेवू नयेत. चुलीवरच्या माळ्यावरही ठेवू नयेत, कारण ऊब आणि धूर दोन्ही घातक. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची आपली सवय इथे उलटी पडते, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, पुस्तकांसारख्या उभ्या, एकमेकींना टेकून पण दाबल्या न जाता ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या वरच्यांच्या वजनाने तडकतात. पंचवीस तबकड्यांचा भार पाच किलोच्या घरात जातो, हे कप्प्याची फळी निवडताना ध्यानात धरावे. श्रावणात एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा कपाट उघडून प्रत्येक तबकडी पाहावी. बुरशी दिसलीच तर ओसरीवर, सावलीत, तोंडाला फडके बांधून मऊ कुंचल्याने झाडावी. उन्हात मात्र कधीही ठेवू नये. लोणच्याच्या बरण्यांना जे ऊन मानवते, त्यात लाखेची तबकडी तासाभरात वाकडी होऊ शकते.

धुण्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगायला हवी. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतले काहीही तबकडीला लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि सुताराकडचे फ्रेंच पॉलिश याच गुणावर तयार होते. मळ निघावा म्हणून फिरवलेला स्पिरिटचा एक बोळा खोबणीच खाऊन टाकतो. धूळ फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब, मऊ कुंचला, खोबणीच्या दिशेनेच हात, लेबलावर पाण्याचा शिंतोडा नाही, आणि लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून घेणे, एवढेच. तडा गेलेली तबकडी धुऊच नये, पाणी आत शिरून थर सुटतात.

वाजवण्याचा प्रश्न आता येतो, आणि इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. गाणे ऐकण्यासाठी असते, कपाटात पुजून ठेवण्यासाठी नव्हे, असे कोणी म्हणाले तर ते बरोबरच आहे. पण चावीच्या फोनोवर वाजवणे म्हणजे तबकडी थोडी थोडी झिजवणे, हेही तितकेच खरे. सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन पोलादी सुईच्या टोकावर येते. तबकडीतली दगडाची भुकटी सुई घासून खोबणीच्या आकाराची करते, आणि म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावायचा नियम होता. तो आज कोणी पाळत नाही. त्यात बाजारात पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचे चित्र चिकटवलेले, नव्याने जुळवलेले ‘अँटिक’ फोनो सर्रास विकले जातात. दिवाणखान्याची शोभा म्हणून ते असू देत, पण त्यांच्या ओबडधोबड साउंडबॉक्सखाली १९३२ ची तबकडी देऊ नये. घरात एकाच गाण्याच्या दोन प्रती असतील, किंवा पन्नाशीच्या दशकातल्या मुबलक मिळणाऱ्या तबकड्या असतील, तर त्या फोनोवर खुशाल लावाव्यात. दुर्मिळ तबकडी एकदाच, नीट वाजवून तिचे डिजिटल रूप करून घ्यावे आणि मग ते हवे तितक्या वेळा ऐकावे. ऐकण्याचा आनंद कमी होत नाही, उलट मुंबई-पुण्यात विखुरलेल्या सगळ्या भावंडांना तो मिळतो.

हे काम मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाची सोय असलेल्या विजेच्या टर्नटेबलवर होते. सुई मात्र एलपीची चालत नाही. एलपीच्या सुईचे टोक एक इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, ७८ च्या तबकडीला त्याच्या तिप्पट जाड टोक लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त उचलते. वेग तपासायला स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती मिळते. आपल्या ५० हर्ट्झ विजेवरच्या बल्बखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की वेग ७८ ला भिडला. एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा स्थिर दिसत नाहीत, त्याला फसू नये. ही बारीकी रागसंगीतावर आधारलेल्या पदांसाठी फार महत्त्वाची आहे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की षड्ज अर्ध्या स्वराने सरकतो, काळी एकची गायिका पांढरी दोनमध्ये गाते आहे असे वाटू लागते आणि आवाजाची जातच बदलते. घरी पेटी असेल तर षड्ज जुळवून पाहावा आणि कोणता स्वर मिळाला ते वहीत लिहावे. ध्वनीची फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह स्वरूपात जशी आहे तशी, खरखरीसकट ठेवावी. साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. फाइलच्या नावात विक्री-क्रमांक आणि ध्वनिमुद्रण-क्रमांक दोन्ही घालावेत, नाहीतर पुन्हा तीच निनावी गाण्यांची गर्दी वाढते.

किमतीचा प्रश्न आता विचारायला हरकत नाही, कारण आता विचारणाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक आहे. जुने ते महाग, हा समज बाजारात टिकत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांच्या तबकड्या लाखो खपल्या, म्हणून आज त्यांना मामुली भाव येतो. १९३२-३४ च्या तबकड्या कमी छापल्या गेल्या, कमी उरल्या, आणि त्यांना गिऱ्हाईकही मोजकेच. म्हणजे भाव ठरतो तो ओळख आणि अवस्था यांवर. तिरप्या उजेडात खोबणी काळ्या कुळकुळीत दिसल्या तर तबकडी चांगली, करडी झाक आली तर झिजलेली. कड धरून बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारली आणि आवाज बद्द आला, तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी घेणारा असो वा घरी येऊन ट्रंकेसकट भाव करणारा व्यापारी, त्याच्यासमोर क्रमांकांची यादी ठेवणारा माणूस किलोच्या भावाने फसत नाही. विकायचेच तर यादीनिशी, पुस्तिका आणि पाकिटांसकट, शक्यतो एका हाती द्यावे. एक-एक निवडून उचलू दिले, की उरलेल्या संग्रहाला कोणी विचारत नाही आणि त्या घराची साक्षही विस्कटते. घेणाऱ्याने उलट बाजूने हेच पाहावे. नावापेक्षा अवस्था आधी तपासावी, आणि पाकीट कुठून आले ते विचारून घ्यावे.

विकण्याऐवजी देणगीचा मार्ग आहे. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांबरोबर पुस्तिका, पोस्टर, छायाचित्रे आणि तबकड्याही जमवत आले आहे. इथे एक हळवा आक्षेप येतो: आमच्या गावची ठेव पुण्याला कशाला? हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाही. पण हिर्डोशीच्या पावसात कोरडे कपाट आणि वर्षातून दोनदा पाहणारी व्यक्ती यांची हमी देता येत नसेल, तर वस्तू संग्रहालयात आणि डिजिटल प्रत, फोटो, वही गावच्या वाचनालयात किंवा शाळेत, अशी वाटणी दोघांच्या हिताची. ही प्रत लोकांना ऐकवण्याआधी हक्काचा हिशेब नीट समजून घ्यावा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे असतो, म्हणजे १९३० च्या दशकातल्या तबकड्यांचा तो केव्हाच संपला. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. केशवराव भोळे १९७७ मध्ये गेले, म्हणून ‘अमृतमंथन’च्या चालींवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. पदे दुसऱ्या कोणी लिहिली असतील तर त्याचे वर्षही पाहावे लागते. घरात ऐकायला याची काही अडचण नाही. गणेशोत्सवात किंवा इंटरनेटवर सर्वांसाठी लावायचे असेल, तर प्रत्येक गाण्यापुढे ही वर्षे वहीत मांडून ठेवावीत. देणगी देताना घराचे आणि गावाचे नाव नोंदीत राहील, आणि डिजिटल प्रतीची एक नक्कल देणाऱ्याला मिळेल, ही दोन वाक्ये देणगीपत्रात लिहून त्यावर पोच घ्यावी.